आधी कोरडं, मग देखणं

अगं, डमडमच्या मोतीझीलमधल्या त्या दुमजली घराचं तू सांगितलंस, तेव्हापासून मनात तेच घोळतंय. किंमत आवाक्यातली आहे, मेट्रो जवळ आहे, खाली जुना भाडेकरू आहे, वरचा मजला रिकामा आहे. थोडी डागडुजी करून तो भाड्याने द्यायचा, असा तुझा बेत. बेत चांगला आहे. आपल्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं दुष्काळाने देशभर पांगली, सोनं-चांदी गाळून पोट भरू लागली, आणि हातात चार पैसे आले की गावाकडे विहीर पाडत राहिली, घर बांधत राहिली. ज्या शहरात अख्खं आयुष्य गेलं तिथे मात्र दुसऱ्याच्या खोलीत. आपल्यातल्या बायकांनी इथे कोलकात्यात स्वतःच्या नावावर घर घ्यावं, त्याच्या भाड्यातून स्वतःची मिळकत उभी करावी, असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून आज घाईघाईत फोनवर न बोलता सगळं सविस्तर सांगते.

बाकीचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधी ऐक. भाड्याच्या जुन्या घरात पैसा आधी तिथे घालायचा, जिथे तो डोळ्यांना दिसत नाही: गच्ची, गटार, पाइप, वायरिंग, भिंतीतली ओल. रंग, टाइल्स, स्वयंपाकघरातली कपाटं या गोष्टी नंतर. बहुतेक जण उलटं करतात, कारण घर बघायला आलेल्या माणसाला टाइल्स दिसतात. पण आलेला भाडेकरू टिकतो की जातो, हे पहिल्या पावसात ठरतं. आणि इथला पाऊस साधा नाही. चैत्र-वैशाखात कालबैशाखीची वादळं, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा, आणि २०२० च्या अम्फानसारखं एखादं चक्रीवादळ आलं की एका रात्रीत प्रत्येक खिडकीची आणि प्रत्येक गच्चीची परीक्षा होते.

आता ते घर कुठल्या जातीचं आहे ते ओळख. डमडम ही मुळात लष्कराची छावणी. १७८३ पासून १८५३ पर्यंत बंगाल तोफखान्याचं मुख्यालय इथेच होतं. त्या काळापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इथे जी घरं झाली ती विटांची, चुना-सुरकीची. भिंती पंधरा-वीस इंच जाड, छताला लाकडी किंवा लोखंडी तुळया, त्यांच्यावर आडवे बरगे, त्यावर चपट्या भाजलेल्या टाली आणि सगळ्यात वर चुन्याचा कोबा. इथले लोक त्याला कोडी-बरगाचं छत म्हणतात. दुसरी जात १९४७ नंतरची. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी या भागात कॉलन्या वसवल्या. आधी बांबूच्या दरम्याची, म्हणजे चटईच्या भिंतींची खोली, मग पाच इंची भिंत, मग स्लॅब, मुलं कमवायला लागली की वर आणखी एक मजला. पोटाला चिमटा काढून टप्प्याटप्प्याने उभं केलेलं ते घर. त्याचा मान ठेवूनच त्याच्याकडे बघ. पण हे लक्षात असू दे की पहिल्या जातीत दुखणं बहुतेक चुन्यात आणि ओलीत असतं, दुसरीत लोखंडात आणि घराच्या पायात. दोघांना एकच औषध देऊन चालत नाही.

घर बघायचं असेल तर थंडीत बघू नको. माघ-फाल्गुनात इथलं प्रत्येक घर देखणं दिसतं. मुसळधार पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. वरच्या मजल्याचं छत बघ, कोपऱ्यांत बोट फिरव. तळमजल्याच्या भिंतीवर कमरेपर्यंत पोपडे, पांढरी भुकटी दिसते का बघ. बाहेरच्या भिंतीवर पाणी साचल्याची रेघ कुठपर्यंत आहे ते बघ, आणि शेजारच्या काकीमांना सरळ विचार की रस्त्यावरचं पाणी घरात शिरतं का, आणि शिरलं तर ओसरायला किती वेळ लागतो. डमडमचं बरंचसं पाणी बागजोला खालातून जातं. तो तुंबला की सखल गल्ल्या तुंबतात. तुझ्या घराचं जोतं रस्त्याच्या वर आहे की रस्ताच दर डांबरीकरणात चढत चढत घराच्या वर गेलाय, हे उंबऱ्यात उभं राहून कळतं. रस्ता वर गेलेला असेल तर तळमजल्याची किंमत त्याच हिशोबाने कर.

कागदपत्रांच्या बाबतीत भिडस्तपणा करू नको. खरेदीखत, म्हणजे इथली दलील, नगरपालिकेतली नावनोंद, कराच्या पावत्या, भूमी सुधार कार्यालयाचा पर्चा, हे सगळं वकिलाकडून तपासून घे. डमडम, उत्तर डमडम आणि दक्षिण डमडम अशा इथे तीन नगरपालिका आहेत, आणि सिंथीकडे गेलं की कोलकाता महापालिका सुरू होते. घर नेमकं कुणाच्या हद्दीत आहे यावर कर, नकाशाची मंजुरी आणि भाड्याचा कायदा हे सगळं अवलंबून असतं. आणखी एक, जे आपल्याकडच्या माणसाला पटकन सुचत नाही: बंगालात वारसाची दायभाग पद्धत चालत आली. मुलाला वडिलोपार्जित घरात जन्मतः हक्क मिळत नाही, पण बाप गेला की सगळे वारस आपापल्या हिश्शाचे मालक होतात. दोन पिढ्या वाटणीच झाली नसेल तर एका घराला कितीतरी शरीक, म्हणजे हिस्सेदार, निघतात, कुणी बेहाल्यात, कुणी बंगळुरात, कुणी परदेशात. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक पैसाही देऊ नको. घर निर्वासित कॉलनीतल्या जमिनीवर असेल तर सरकारी पट्टा कुणाच्या नावे आहे आणि तो विकता येतो का, तेही बघ.

खालच्या जुन्या भाडेकरूकडे अडचण म्हणून बघू नको. घर घेतलंस की त्या माणसाचा करारही तू घेतलास. इथे १९९७ चा पश्चिम बंगाल परिसर भाडेदारी कायदा आहे, तो २००१ पासून लागू झाला. कोलकाता आणि हावडा महापालिकेच्या बाहेर, म्हणजे तुझ्या मोतीझीलला, राहत्या घराचं भाडं महिना ३,००० रुपयांपर्यंत असेल तर तो कायदा लागतो. महापालिकांच्या हद्दीत हीच मर्यादा ६,५०० आहे. जुने भाडेकरू बहुतेक या मर्यादेच्या आतलेच असतात. कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्यांना काढता येत नाही. भाडेकरू वारला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या, त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्यांचा हक्क ५ वर्षांपुरता राहतो, पण त्याच्या बायकोला ती मर्यादा नाही. हे सगळं समजून घेऊन मगच किंमत ठरव. घर स्वस्त मिळतंय ते याच कारणाने, आणि ते कारण काही तुझ्या नावावर झाल्याबरोबर नाहीसं होत नाही.

बयाणा देण्याआधी एक स्ट्रक्चरल इंजिनिअर घरात फिरवून आण. त्याची फी तुला जड वाटेल, पण अख्ख्या व्यवहारात इतका सत्कारणी लागलेला पैसा दुसरा नसेल. कंत्राटदाराचं मत आणि इंजिनिअरचं मत यांत फरक आहे; कंत्राटदाराला काम हवं असतं. २०२५ च्या जानेवारीत बाघाजतीनच्या विद्यासागर कॉलनीत एक चारमजली इमारत जॅक लावून वर उचलण्याचं काम चालू असताना एका बाजूला कलली. इथली जमीन गंगेच्या गाळाची, मऊ. ती भार सोसते, पण हळूहळू आणि असमान बसते. घर उचलणं, मजला वाढवणं, मधली भिंत काढून हॉल करणं, यातलं काहीही नुसत्या मिस्त्रीच्या सांगण्यावरून करायचं नाही. साधी डागडुजी वेगळी. भिंत, तुळई, जिना, मजला यांना हात लावायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते, ती घेऊनच काम सुरू कर.

आता गच्ची. चुन्याचा कोबा, ज्याला इथे जलछाद म्हणतात, तो नीट केलेला असेल तर कैक वर्षं चालतो. दोन भाग चुना, दोन भाग सुरकी, सात भाग विटांची खडी, आणि मग लाकडी थापीने दिवसच्या दिवस ठोकून तो घट्ट बसवायचा. हे येणारे मिस्त्री कमी झालेत, पण आहेत. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांची कामं करणाऱ्यांकडे चौकशी कर. कोबा जागोजागी तडकलेला असेल तर तेवढा भाग काढून पुन्हा भरता येतो. अख्खा पोकळ वाजत असेल तर अख्खा काढ. जुन्या कोब्यावर पांढरा जलरोधक रंग फासून घेतलास तर एक-दोन पावसाळे निभावतील, आणि आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट न मिळाल्याने खालच्या तुळया गंजतील. जुन्यावरच नवं काँक्रीट ओतायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हण. शंभर चौरस फुटांवर तीन इंच काँक्रीट म्हणजे जवळजवळ १,७०० किलो वजन, आणि ते पेलायला खाली जुन्याच तुळया.

उताराकडे लक्ष दे. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून बघ, ते नळीच्या तोंडाशी जातं की मधेच थांबतं. पाऊसनळ्या चार इंचांपेक्षा बारीक नसाव्यात, तोंडाला जाळी हवी, आणि दुर्गापूजेच्या आधी एकदा, वैशाखात एकदा अशी वर्षातून दोनदा ती साफ व्हायला हवी. कठड्यात पिंपळ किंवा वड उगवला असेल तर नुसता छाटू नको. छाटलेला पिंपळ मुळांनी अधिक जोमाने भिंतीत शिरतो. तेवढा भाग उकलून मूळ काढ आणि वीट पुन्हा बांध. लोखंडी तुळया भिंतीत शिरतात त्या टोकांशी सगळ्यात आधी गंजतात, कारण ओल तिथेच धरते. प्लास्टर थोडं उकरून ती टोकं बघितल्याशिवाय छत चांगलं आहे असं म्हणू नको. वरवरचा गंज असेल तर घासून, गंजरोधक प्रायमर लावून भागतं. पापुद्रे सुटत असतील तर शेजारी नवी तुळई द्यावी लागते, आणि तोवर खालून टेकू.

भिंतीची नोना हा इथला मोठा विषय. जमिनीतली ओल विटांतून वर चढते, बरोबर क्षार आणते, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीत फुलून प्लास्टर ढकलतात. लोक काय करतात, तेवढं प्लास्टर काढून सिमेंटचं घट्ट प्लास्टर मारतात, वर ऑइलपेंट किंवा टाइल्स. मग ती ओल अडून आणखी वर चढते, आणि दोन वर्षांत कमरेचे पोपडे खांद्यापर्यंत येतात. चुन्याच्या भिंतीला चुन्याचंच प्लास्टर पाहिजे, म्हणजे तिच्यातली ओल हवेत जाऊ शकते. क्रम असा ठेव. आधी ओल कुठून येते ते थांबव: भिंतीलगतचं फुटकं गटार, गळका पाइप, बाहेरून चढलेली माती. मग ओलीच्या रेषेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत प्लास्टर काढ. विटांमधल्या भेगा खरवड, क्षार कोरड्या ब्रशने झाड. पाण्याने धुतलेस तर ते पुन्हा आत जिरतात. मग भिंत काही आठवडे उघडी ठेव, पंखा लाव, खिडक्या उघड्या ठेव. नंतर चुन्याचं प्लास्टर, त्यावर चुन्याचा हात किंवा श्वास घेऊ देणारा रंग. जोत्यात ओल अडवणारी पट्टी मुळातच नसेल तर भिंतीत भोकं पाडून रसायन भरायची पद्धतही आहे, पण ती बाकीचं सगळं झाल्यावर. या कामात घाई झाली की पैसा वाया जातो, म्हणून भाडेकरू आणायच्या तारखेत या उघड्या भिंतीचे दिवस आधीच धरून ठेव.

घर कॉलनीच्या जातीचं, स्लॅबचं असेल तर छताला हातोडीने हलकेच ठोकत जा. पोकळ आवाज आला की आतला रॉड गंजून फुगलाय आणि काँक्रीट सुटलंय. तिथे वरून पुट्टी लावणं म्हणजे खाली झोपणाऱ्याच्या जिवाशी खेळणं आहे. सुटलेलं सगळं काढायचं, रॉड मागून-पुढून चकचकीत घासायचा, गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मिसळलेला मसाला थरांनी भरायचा. रॉड बराच झिजला असेल तर जोडीला नवा रॉड किती आणि कसा, ते इंजिनिअर सांगेल. बहुतेक वेळा या गंजाचं मूळ वरच्या मजल्याच्या संडास-मोरीत असतं. खालचं छत दुरुस्त करायच्या आधी वरची मोरी दुरुस्त कर.

वायरिंगला मी सगळ्यात वरचा क्रम देते, गच्चीच्या बरोबरीने. जुन्या घरात लाकडी पट्टीवरची वायर, मधे कुठेतरी चिकटपट्टीने जोडलेले तुकडे, आणि त्याच्यावर आता एसी, गीझर, इंडक्शन. सगळी वायर काढून नवी तांब्याची घाल: दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, प्लगना २.५, एसी-गीझरला ४. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा मीटर, वेगळा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो धक्का बसता क्षणी वीज तोडतो. अर्थिंगचा खड्डा नवा. मीटरची पेटी आणि तळमजल्याचे सगळे प्लग, पाणी चढतं त्या रेघेच्या बरेच वर. २०२५ च्या सप्टेंबरात दुर्गापूजेच्या तोंडावर एका रात्रीत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, आणि साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून या शहरात माणसं गेली. आपल्या छपराखाली राहणाऱ्या लेकरांना त्या पाण्यात पाय टाकायची वेळ आली तर वीज आपोआप तुटली पाहिजे, एवढी व्यवस्था करणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

आता पाण्याची टाकी. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाकी गच्चीच्या मधोमध न ठेवता, खालपर्यंत भिंती गेलेल्या कोपऱ्यावर ठेव. गंजलेले लोखंडी पाइप काढून टाकताना नवे भिंतीत न गाडता बाहेरून दिसतील असे ने. गळती झाली तर फोडाफोड होत नाही. आणि टाकीचं झाकण घट्ट हवं. डेंग्यूने डमडमला, विशेषतः दक्षिण डमडमला, किती छळलंय ते तू बघितलंयस. तो डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत उडायला लागतो. काम चालू असताना विटा भिजवायचा हौद, रंगाचे रिकामे डबे, गच्चीवर टाकलेलं प्लास्टिक, सगळं दर आठवड्याला उपडं झालं पाहिजे. मिस्त्री करणार नाही, तू स्वतः उभी राहून करून घे.

कामाचा हंगाम सांगते. कालीपूजा झाली की सुरू कर आणि फाल्गुन संपायच्या आत गच्ची आणि भिंती उरक. इथले कितीतरी राजमिस्त्री आणि त्यांचे जोगाडे, म्हणजे हाताखालचे मजूर, मुर्शिदाबाद-मालद्याचे. ईदला, निवडणुकीला, भातकापणीला गावी जातात. ते दिवस आधी विचारून धर, मग मधेच काम थांबल्याचा त्रागा होत नाही. माणसं कसबी आहेत. त्यांना दुपारी सावली, प्यायला चांगलं पाणी आणि शनिवारी वेळेवर पैसे दिलेस, तर तुझं काम ते स्वतःच्या घराचं समजून करतील. मजुरीचा दर मापावर ठरव, माल स्वतः आण, आगाऊ रक्कम थोडीच दे, आणि शेवटचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा निघाल्यावर देण्याचं आधीच लिहून घे. मसाला कालवताना हजर रहा. बौदी, म्हणजे वहिनी, बघतेय म्हटलं की प्रमाण बरोबर पडतं.

आणि काय काढायचं नाही, तेही ऐक. लाल सिमेंटची फरशी, हिरव्या खडखड्यांच्या, म्हणजे लाकडी झडपांच्या खिडक्या, उंच छत, रस्त्याकडेचा रोवाक, म्हणजे बसायचा ओटा. हे जुनाट म्हणून फोडून टाकायची इथे एक लाटच आली होती. २०१५ मध्ये लेखक अमित चौधुरी यांनी अशाच साध्या, मोहल्ल्यांतल्या घरांसाठी मोहीम उभी केली, तेव्हा कुठे लोक थोडे थांबले. मी कौतुकाने सांगत नाही, व्यवहाराने सांगते. खडखडीतून पाऊस आत येत नाही आणि वारा येतो, म्हणजे भिंती कोरड्या राहतात. तिचं लाकूड बहुतेक जुनं सागवान. सडलेला तेवढाच खालचा तुकडा कापून नवा सांधता येतो. लाल फरशीला भेग असेल तर त्याच रंगाचं भरण करून पॉलिश कर. तिच्यावर टाइल्स चढवल्यास तर दारं खालून कापावी लागतात आणि खालची ओल अडते.

आता पैशाचं. समज, वरचा मजला तू १२,००० ने देणार आहेस. २,४०,००० खर्चून झगमगीत स्वयंपाकघर केलंस आणि त्याने भाडं १,५०० ने वाढलं, तर ते पैसे फिटायला तेरा वर्षांवर लागतील, आणि तोवर ते स्वयंपाकघर जुनं झालेलं असेल. तेच पैसे गच्ची आणि वायरिंगला लावलेस तर भाडं फारसं वाढणार नाही, पण घर रिकामं पडणार नाही. एक महिना रिकामा गेला की १२,००० गेले, वर पुन्हा रंग, पुन्हा दलाली. करातही एक बाब आहे. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला नगरपालिकेचा कर वजा होतो, आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. तू त्या वर्षी दुरुस्तीवर शंभर रुपये घातलेस की दोन लाख, वजावट तीच. म्हणजे १,४४,००० भाडं, ४,००० कर, उरले १,४०,०००, त्यातून ४२,००० वजा, आणि ९८,००० वर कर. दुरुस्तीसाठी कर्ज काढलंस तर त्याचं व्याज वेगळं वजा होतं. घराची मूळ किंमत वाढवणारी मोठी कामं पुढे घर विकताना हिशोबात धरता येतात, म्हणून प्रत्येक पक्की पावती जपून ठेव. कामाचा जो आकडा निघेल त्यावर चौथा हिस्सा जास्त हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नको. आणि घर चालू झालं की दरवर्षी निदान एका महिन्याचं भाडं दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात टाक.

मुंबईत काय झालं ते विसरू नको. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. मालकांना परवडेना, त्यांनी दुरुस्ती सोडली; भाडेकरूंना घर सोडणं परवडेना, ते राहिले. शेवटी १९६९ मध्ये सरकारला भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, तेव्हा अशा १९,६४२ इमारती त्याच्याकडे आल्या. अजूनही दर पावसाळ्यात गिरगाव-भेंडीबाजाराकडे इमारत कोसळल्याची बातमी आली की छातीत धस्स होतं. मालक आणि भाडेकरू दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली की घर मरतं आणि माणसांना घेऊन मरतं.

म्हणून खालच्या त्या बिऱ्हाडाकडे पहिल्याच आठवड्यात जा. काम काढायच्या आधी जा, मिठाई घेऊन जा, बसून बोल. काय गळतं, कुठे ओल येते, संडासाचं दार लागतं का, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. काय करणार, कधी करणार, किती दिवस धूळ होईल, पाणी कधी बंद असेल, सगळं सांग. भाडं थोडं वाढवायचं असेल तर त्याच बैठकीत, दुरुस्तीच्या बदल्यात, कागदावर. पाणी-वीज तोडून, जिना अडवून माणसं काढणारे मालक तू इथे बघशील. ते बेकायदा आहे, आणि त्याहून अधिक म्हणजे ते आपल्या घरात शिकवलेलं नाही. उलट कायदा तुझ्यावरही जबाबदारी टाकतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, करायला बांधील असलेली दुरुस्ती मालकाने कळवूनही वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. तशी वेळच येऊ देऊ नको. वरच्या मजल्याला नवं बिऱ्हाड येईल तेव्हा ११ महिन्यांचा लेखी करार कर, पोलिसांत माहिती दे, ठेव किती आणि कशासाठी कापली जाईल ते स्पष्ट लिही, आणि कुणाची कुठली दुरुस्ती तेही. जिन्यात दिवा, दाराला आतून भक्कम कडी आणि एका खिडकीच्या गजांना आतून उघडणारं दार, एवढं मात्र कराराची वाट न बघता कर. तुझ्या घरात एकट्या राहणाऱ्या नर्सेस येतील, विमानतळावर रात्रपाळी करणाऱ्या मुली येतील. २०२५ च्या ऑगस्टपासून नोआपाड्याहून विमानतळापर्यंत मेट्रो धावायला लागलीय, त्यामुळे अशा मुली इकडे घर शोधत अधिकच येणार.

आसपासचे लोक म्हणतील, दे प्रोमोटरला, म्हणजे बिल्डरला, पाड आणि फ्लॅट घे. कधी तेच योग्य असतं. पाया खचला असेल, इंजिनिअरने हात टेकले असतील, तर हट्ट करू नये. पण भिंती धडधाकट असताना, केवळ गच्ची गळते म्हणून घर पाडायला निघालेली माणसं बघितली की वाईट वाटतं. गळती बंद करायला लागतो तो पैसा, आणि घर पाडून पुन्हा मिळेपर्यंतची भाड्याची वर्षं, हे दोन आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिही आणि मग ठरव.

तर आता असं कर. बयाणा थांबव. पाऊस झाला की मला फोन कर, आपण दोघी जाऊन घर बघू. तुझ्या दाजींच्या ओळखीचा इंजिनिअर बरोबर घेऊ. तोवर तू शरीकांची यादी आणि कराच्या पावत्या मागवून ठेव. घर कोरडं निघालं आणि कागद स्वच्छ असले तर घे. ओलं निघालं तर ते कोरडं करायला काय लागेल तेवढं किमतीतून कमी करून माग, आणि देत नसतील तर सोडून दे. डमडममध्ये जुन्या घरांना तोटा नाही. पण घेतलंस की मग हयगय करू नको. महिन्याच्या पाच तारखेला जे भाडं हातात येतं, ते कुणाच्यातरी महिनाभराच्या कष्टातलं असतं. त्याच्या बदल्यात त्या माणसाला कोरडी भिंत, न गळणारं छत आणि न जाळणारी वीज मिळालीच पाहिजे. हे सांभाळलंस तर घर तुला सांभाळेल, आणि तुझ्यानंतर तुझ्या लेकीलाही.

तुझी,
आक्का